आईच्या नावातलं एक अक्षर

मंगळवारी दुपारी परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या दुकानात अबेबे आला. मूळचा इथिओपियाचा, इथं शेतीवर पीएचडी करतोय. चार वर्षं ठेचा-भाकरी खाऊन मराठी अशी शिकलाय, की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं पोरगं जिंतूरकडचंच हाय…

माझा धंदा डीटीपी आणि बाइंडिंगचा. त्याचा थिसिस इंग्रजीत, फक्त पहिलं अर्पणपत्रिकेचं पान त्याच्या अम्हारिक भाषेत. त्यावर आईचं नाव, अस्क्वालू. "भाऊ, हे पान लय भारी झालं पाहिजे," एवढीच त्याची अट.

आता भारी म्हटल्यावर मी ऐकतो होय! त्यानं आणलेला साधा फॉन्ट काढला आणि नेटवरून एक जाडजूड, देखणा फॉन्ट उतरवून घेतला. सगळं झकास दिसलं… फक्त आईच्या नावातल्या 'क्वा'च्या जागी रिकामा चौकोन. फॉन्ट बनवणाऱ्यानं ते अक्षर घेतलंच नव्हतं.

आमच्या वयाचा डीटीपीवाला असल्या चौकोनाला घाबरत नाही. जुन्या मराठी फॉन्टात एखादं जोडाक्षर नसलं, की एकाची दांडी तोडायची, दुसऱ्याचं पोट जोडायचं आणि लग्नपत्रिका छापून मोकळं व्हायचं. इथंही तेच केलं. त्यांचं एक मिळतंजुळतं अक्षर घेतलं, पायाशी आडवी रेघ ओढली आणि चौकोन उडवून तिथं बसवलं. अबेबे खूश, आणि मी तर स्वतःवरच फिदा…

त्यानं लगेच पीडीएफ गावी पाठवली. दोन वर्षांपासून त्याच्या आईला दिसत नाही, पण तिच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप आहे. बुधवारी थिसिस जमा करायचा होता. त्याआधी आईनं ते पान ऐकावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दहा मिनिटांत आईचा फोन. बोलता बोलता पोराचा चेहरा पडला. "भाऊ, आई म्हणायली, हे कुणाचं नाव हाय? मोबाइल अस-लू, अस-लू करायलाय."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. कॉम्प्युटरमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा नंबर असतो, मोबाइल तो नंबर ओळखून वाचतो. मी काढलेलं अक्षर म्हणजे नुसतं चित्र, त्याला नंबर कुठला? मोबाइलनं ते सरळ सोडून दिलं. ज्या माउलीसाठी पान केलं, नेमकं तिच्यापुरतंच ते चुकलं होतं. लय लाज वाटली राव…

गपचूप त्याचा साधा फॉन्ट परत लावला. त्यात ते अक्षर पहिल्यापासून होतं. नाव अबेबेनंच टाइप केलं. पान आधीइतकं रुबाबदार राहिलं नाही, पण पीडीएफ पुन्हा गेली… आणि आम्ही दोघं चहा समोर ठेवून मोबाइलकडे बघत बसलो.

थोड्या वेळानं व्हॉइस मेसेज आला. आधी मशीनचा कोरडा आवाज, त्यात अस्क्वालू, अगदी पूर्ण. मग पुन्हा तेच, मग पुन्हा… माउली ते पान परत परत लावत होती. तिसऱ्या वेळी तिचा स्वतःचा आवाज आला, हसतेय की रडतेय कळेना. अबेबेनं तोंड भिंतीकडे केलं. मीही उगाच बाइंडिंगचं कापड उलगडत बसलो.

काय म्हणाली, विचारलं. "ज्यानं माझं नाव नीट केलं, त्याला आशीर्वाद सांग म्हणायली."

नीट करणारा मी, आणि बिघडवणाराही मीच! पोरानं हे तिला सांगितलं नाही… मी बाजूला बसून आशीर्वाद तेवढा घेतला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून टाकतो. अबेबे, हे तुझ्या भाषेत टाइप कर आणि तिला ऐकव.

अस्क्वालू माय, चूक माझी होती. पोराला मात्र तुमी लय चांगलं वाढवलंय.