केसाएवढी रेघ

जळत्या मॅग्नेशियमवर मी बादलीभर पाणी ओतलं. ज्यांची या धातूशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, असं करणारा माणूस पुढे कुणावर स्मृतिलेख लिहीत बसत नाही, लोक त्याच्यावर लिहितात. नागपूरबाहेरच्या आमच्या कारखान्यात मी नवाच लागलो होतो. काम एक्स-रे खात्यात फिल्म धुण्याचं, पण पाय ओतशाळेकडे वळले. तिथे कोपऱ्यात धातूच्या किसाचा ढीग पेटलेला दिसला आणि हाताशी पिण्याच्या पाण्याची बादली होती. डोळे मिटायला लावील असा पांढरा भडका उठला, छपराचे पत्रे थरारले, आणि मी होतो त्या जागी मी नव्हतो, कारण कुणीतरी कॉलर धरून मला मागे खेचलं होतं. तो केशव, ओतशाळेचा इंजिनिअर. माझे कपडे झटकत त्यानं शांतपणे विचारलं, "काहून गा, घरी सांगून आला होता का तू?"

तो केशव गेल्या महिन्यात गेला. निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच निघालो, आणि घाटावर सगळे माझ्या एकाच गालाकडे का बघताहेत ते मला संध्याकाळी आरशात कळलं. केशव असता तर त्यानं तिथल्या तिथे सांगितलं असतं...

आमच्याकडे विमानांची चाकं ओतली जात. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मॅग्नेशियम हलकं, म्हणून विमानाला सोयीचं, पण स्वभावानं भयंकर. ओतताना हवा लागून पेटू नये म्हणून धारेवर गंधकाची भुकटी उधळायची. निळसर ज्योत थरथरायची, घसा खवखवायचा, आणि मग साचा भरला की सगळं गप्प व्हायचं. ही शांतता केशवला सोसत नसे. तो साच्याशेजारी उभा राहायचा, कुणी आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा. धातू थिजताना आकसतो, हे त्यानंच मला समजावलं. आतला वाळूचा गाभा मात्र जागचा हलत नाही. धातू धड पातळ नाही, धड घट्ट नाही, अशा अवस्थेत अंग चोरायला बघतो, गाभा त्याला चोरू देत नाही, आणि तो फाटतो. कुणी काही पाडलेलं नसतं, ठोकलेलं नसतं. वाळूच्या आत, अंधारात, चाकाच्या जन्माबरोबरच भेग येते. केशवनं गाभा भुसभुशीत करून पाहिला, कोपरे गोलावले, जाड जागी लोखंडाचे तुकडे बसवून ती लवकर थिजवून पाहिली. तरी आऱ्याला जिथे चाकाची धाव, म्हणजे बाहेरची कड, भेटते त्या कोपऱ्यात भेग ठरल्यासारखी यायची. ती वर उघडी दिसली की तो चक्क खूश व्हायचा. म्हणायचा, "दिसली तं बरं झालं गा. जे दिसत नाही त्याचं मी काय करू?"

मग ती खेप आली. सगळी चाकं फाटली, एक सोडून. त्या एकाची फिल्म मीच धुऊन आणली. उजेडाच्या पेटीवर ठेवली तर नेमक्या त्याच कोपऱ्यात केसाएवढी रेघ. केशव वाकून पाहत राहिला. साहेबांना त्या दिवशी एक तरी चाक रवाना करायचं होतं, गाडी फाटकाशी उभी होती. साहेब म्हणाले, "फिल्मवरचा ओरखडा आहे तो." केशव म्हणाला, पुन्हा एक फिल्म काढू. साहेबांनी त्याच्याकडे न बघता चाक उचलायला सांगितलं. खोलीतला ताण मला सहन होईना, म्हणून मी पंखा लावला आणि टेबलावरचे सगळे कागद उडाले. ते मीच गोळा करून दिले. त्यातल्याच एकावर, चाक पास असल्याच्या दाखल्यावर, केशवनं सही केली.

ते चाक कुठल्या विमानाला लागलं हे आम्हाला कळायची काही सोय नव्हती. त्यामुळे केशवच्या लेखी ते सगळ्याच विमानांना लागलं. संध्याकाळी तो मला सायकलवर सोनेगावच्या विमानतळाच्या तारेच्या कुंपणापाशी घेऊन जाऊ लागला. मला वाटलं, गड्याला विमानांची हौस. मी चिवड्याची पुडी घेऊन जायचो, सहलीला निघाल्यासारखा. विमान खाली उतरू लागलं की केशवचा हात पुडीत तसाच राहायचा. चाकं टेकली, धूर उडाला, विमान सरळ धावत गेलं, की हात बाहेर यायचा. "हे नसन," एवढंच म्हणायचा. एकदा मी विचारलं, "तुले विमानात बसाची इच्छा आहे का गा?"  धावपट्टीकडे बघतच तो म्हणाला, "मी तं बसणार नाही. तूही बसू नको."  ही सहल नव्हती हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

तो झोपत नव्हता, वाळत चालला होता. मी पुष्कळ विचार केला, म्हणजे माझ्या मानानं. कारखान्यात माझ्या घोटाळ्यांची कीर्ती एवढी होती, की त्यात एक जास्तीचा घातला तर कुणाला संशय येणार नव्हता. एका दुपारी डबा खाताना मी त्याला म्हणालो, "केशव, ती रेघ माही होती गा. फिल्म वाळत घालताना नख लागलं. भेवानं बोललो नाही." तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "बैताड आहेस लेका," म्हणाला, आणि आपल्या डब्यातली संत्र्याची फोड माझ्यापुढे सरकवली. त्यानंतर त्यानं मला तारेपाशी कधी नेलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. इतकी वर्षं थोपटत होतो.

परवा त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनी कपात चहा ओतत होत्या. दूरवर विमानाची घरघर आली आणि वहिनींचा हात थांबला. चहाची किटली तिरपी, धार बंद, नजर कुठेच नाही. घरघर खाली उतरत गेली, विझली. मग पुन्हा धार सुरू झाली.

"आता कशाला, वहिनी?" मी म्हणालो. "तो फिल्मवरचा ओरखडा होता. मीच सांगितलं होतं केशवला."

"सांगितलं होतं तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस हिंमत केली नव्हती, पण दुसऱ्याच दिवशी त्याईनं ती फिल्म काढून उजेडात तिरपी धरून पाह्यली. नख लागलं असतं तं तिथं चमकलं असतं, म्हणे. काही चमकलं नाही, म्हणजे भेग चाकातच होती. वरच्या सायबाईले सांगून सांगून थकले, पण चाक कुठं गेलं ते कोणाले ठाऊक नव्हतं. मंग एकटेच जाऊन बसत तारेपाशी."

मी म्हणालो, "मला बोलला नाही तो..."

"तुम्हाले वाईट वाटलं असतं म्हणून." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "तोवर त्याईले निदान शंका तरी होती, भाऊजी. तुम्ही तेवढीही ठेवली नाही."