मावशी आणि छुपा रुस्तम

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखात्यात मावशी बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या. उंची जेमतेम, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तोंड असं की मोठे डॉक्टरसुद्धा स्वतःचा कोट न्यायला शिपायाला पाठवायचे.

त्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनात पंजा लढवायची स्पर्धा ठेवली. पहिला नंबर सुरक्षारक्षकाचा, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. गडी रोज व्यायाम करायचा आणि गणवेशाची दंडावरची शिवण उसवली की कौतुकाने दाखवत फिरायचा.

मावशी नाव द्यायला आल्या तेव्हा कारकून म्हणाला, "मावशी, संगीतखुर्चीची नावं पलीकडे घेतात."

"मला खुर्ची नकोय. लिही."

पहिल्या फेरीत रुग्णवाहिकेचा चालक शिंक यावी इतक्या वेळात आडवा झाला. दुसऱ्या फेरीत हाडांचे डॉक्टर. ते हरल्यावर बराच वेळ स्वतःचंच मनगट तपासत बसले. शेवटी सुरक्षारक्षक समोर आला.

"मावशी, दुखलं तर सांगा हं."

मावशींनी चष्मा काढून ठेवला. रक्षक आधी लाल झाला, मग जांभळा, आणि त्याचा हात टेबलावर धाडकन आदळला.

"घसरला!" तो ओरडला.

"मग डावा दे."

डावाही गेला.

कारकून नाचतच आला. "मावशी, तुम्ही तर छुपा रुस्तम निघालात!"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे... ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नसते आणि ऐन वेळी तोच बाजी मारतो, तो."

"मग छुपा कशाला? बावीस वर्षं दार उघडं टाकून ती धोंड्यासारखी इस्त्री ढकलतेय. मी लपले होते, की तुम्ही आंधळे होतात?"

जिन्यावरून जाताना आम्ही सगळे त्या दारासमोरून रोज जायचो.

पुढच्या वर्षी सगळ्यांनी पैज मावशींवरच लावली होती. दुसऱ्याच फेरीत जुन्या कागदपत्रांच्या खोलीतल्या एका किडकिडीत बाईने त्यांना हरवलं. मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"तू कुठल्या खात्यातली गं?"

"तुमच्या शेजारच्या खोलीतली. नऊ वर्षं झाली."

मावशी आमच्याकडे वळून डाफरल्या, "दात काय काढताय? टाळ्या वाजवा!"