खटके होते तसे

ही बातमी मी कधी दिलेली नाही. बातम्या देणं हा माझा धंदा असूनही – किंवा धंदा असल्यामुळेच – ही एक मी दाबून ठेवली. डेस्कवरच्या मित्रांना माहीत नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतोय.

आधी वस्तूबद्दल सांगतो. वस्तूबद्दल बोलणं मला सोपं जातं.

घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बहुतेकांनी पाहिलेला नसतो. लाकडी कपाटासारखा देह, पट्ट्यांच्या दोन ओळी – एक वर, एक खाली – आणि पायांनी दाबायचे जाड दांडे. पट्ट्यांच्या वर रंगीत खटक्यांची रांग. एक खटका खाली केला की बासरी, दुसरा केला की व्हायोलिन, तिसऱ्याने स्वर थरथरतो. दोन-चार एकत्र खाली केले की तयार होतो एक वेगळाच आवाज, ज्याला नाव नसतं. परदेशात एके काळी दिवाणखान्यात असायचे, आता लोक ते फुकट देऊन टाकतात. आणि त्यातला आवाज? आज महागड्या सिंथेसायझरमध्ये ज्या जुन्या, उबदार आवाजाची नक्कल भरून विकतात, तो अस्सल आवाज या कपाटांत पडून आहे.

मला सिंथेसायझर हवा होता. जिल्ह्याच्या दैनिकातल्या उपसंपादकाला परवडेल असा तो नसतो. पिंप्राळ्यात मी एकटा राहतो. दुपारी ऑफिसला जाईपर्यंत बोलायला कोणी नसतं, आणि सुटीच्या दिवशी तर दूधवाल्याशिवाय कोणाशी शब्द होत नाही. खोलीत काहीतरी वाजावं, एवढंच मनात होतं. म्हणून जुने ऑर्गन शोधायला लागलो. फ्यूज कसा बदलायचा, काळवंडलेले काँटॅक्ट कसे पुसायचे, हे वाचून शिकलो. मग आमच्या पाचोऱ्याच्या वार्ताहराने सांगितलं – तिथे एका अक्कांकडे असा ऑर्गन आहे, घरात अडचण होते म्हणून द्यायचा आहे.

अक्कांचे यजमान रेल्वेत होते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं, तेव्हा त्यांनी तो यांना दिला. यजमान कोणाकडे शिकले नव्हते. ड्युटीवरून आले की बसायचे, आपल्यापुरतं वाजवायचे. ते गेल्यावर ऑर्गन बंदच पडला. आता मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्या खोलीत पलंग येणार होता.

मी गेलो तेव्हा सकाळ होती. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी यजमानांचा रेल्वेच्या गणवेशातला फोटो, आणि खाली भरतकाम केलेल्या चादरीत झाकलेला ऑर्गन. चादर अक्कांनीच काढली, घडी घातली आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

“डॉक्टरसारखी पिशवी आणली भाऊ तुम्ही. पेशंट गेलेला आहे, आधी सांगते.” हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता नीट ऐका. इथेच ते घडलं.

मी मागची फळी उघडली. फ्यूज गेलेला होता. पिशवीतला नवा बसवला, बटण दाबलं – दिवा लागला. मग मी काय केलं? अक्कांना हाक मारली? नाही. सोबत आणलेला हेडफोन लावला. का लावला, तर लग्नघरात गोंगाट नको म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण दुसरं आहे. वाजतो हे कळलं तर बाई कदाचित द्यायच्या नाहीत, असं मला वाटलं. वाजतो की नाही, हे मला त्यांच्या आधी कळायला हवं होतं.

मग शिकलो होतो तसं केलं. तपासणीची पद्धत अशी की आधी सगळे खटके वर करायचे, पाटी कोरी करायची, आणि मग एकेक खाली करून बघायचा. मी हात फिरवला आणि सगळे वर केले. काही आधीपासून खाली होते. कोणते, ते पाहिलं नाही. कोणाच्या घरी गेलो की आधी फोटो काढणारा माणूस मी – एक फोटो काढला नाही. एकेक आवाज ऐकत गेलो. सगळे जिवंत होते. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता, हेही सांगायला हवं.

कप वाजले तसा मी हेडफोन काढला, बटण बंद केलं.

अक्का चहा घेऊन आल्या. ऑर्गनच्या कडेवरून पदर फिरवला. आणि इतका वेळ माझ्याशी जपून बोलणारी ती बाई एकदम आपल्या बोलीत शिरली –

“बठ्ठं त्यासनी ठेयेल शे तसंच. कोनी हात बी लायेल नही. एकदाव वाजाडी दखाडा, मंग लई जा.”

सगळं त्यांनी ठेवलंय तसंच आहे. कोणी हातही लावलेला नाही. एकदा वाजवून दाखवा, मग घेऊन जा.

ज्या खटक्यांवर यजमानांनी शेवटचं वाजवलं, ते खटके तसेच ठेवून ही बाई धूळ पुसत होती. कोणता खटका काय करतो हे अक्कांना ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातून जो आवाज ऐकू यायचा, तेवढाच त्यांच्या ओळखीचा होता. तो आवाज माझ्या येण्यापर्यंत त्या लाकडात शाबूत होता. चहाला उकळी फुटेपर्यंतच्या वेळात मी तो पुसून टाकला.

काय म्हणायला हवं होतं? “अक्का, माझ्याकडून खटके हलले.” एवढंच ना? लोकांच्या चुका रोज चौकटीत छापणारा मी. मला ते वाक्य आलं नाही.

मी म्हणालो, “अक्का, हा चालूच होत नाही. आतून गेलाय.”

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मग. चहा घ्या, गार होतोय.”

मी तो चहा प्यायलो. संध्याकाळी टेम्पो आला. चादरही त्यांनी बरोबर दिली.

पुढे मी पुरवणीत लेख लिहिला – सिंथेसायझर परवडत नसेल तर जुना ऑर्गन शोधा. चांगला गाजला. रावेरहून फोन आले. धुळ्याच्या एका बँडवाल्याने असाच एक मिळवला आणि अहिराणी लग्नगीतांच्या रेकॉर्डिंगला वापरला. ‘माझा ऑर्गन एका फ्यूजवर चालू झाला’ हे वाक्य त्या लेखात होतं. छापायच्या आधी ते मीच कापलं. पाचोऱ्यालाही आमचा पेपर जातो.

ऑर्गन माझ्या खोलीत आहे. मी तो नेहमी हेडफोन लावूनच वाजवतो. खरं तर वाजवत नाही – खटके जुळवत बसतो. हा खाली, तो वर, आता हे दोन. तो आवाज शोधतो, जो मी कधी ऐकलेला नाही. सापडला तरी मला कसं कळणार? ओळखणारं माणूस पाचोऱ्यात आहे.

अक्का अधूनमधून फोन करतात. “जयभीम भाऊ, जेवले का?” मग सुनेची एखादी तक्रार, गुडघे. आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं – त्याचा काही आवाज निघाला का? मी नाही म्हणतो. दर वेळी म्हणालो आहे. पहिल्यांदा ती घाबरून मारलेली थाप होती. नंतरच्यांना काय म्हणायचं, ते तुम्हाला कळतं.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी ऑर्गनपाशीच होतो. त्या एकट्या होत्या, घरातले सगळे बाहेर गेले होते. गुडघ्यांचं झालं, मग स्वतःहूनच म्हणाल्या, “तो आवाज कसा व्हता सांगू का भाऊ? सकायले कबुतर घुमस ना, तसा. आनि आखरीले थरथर.” आणि त्यांनी तो फोनवर घुमून दाखवला. स्वतःच हसल्या. “म्हातारीले येड लागनं म्हनशाल.”

कबुतरासारखा. शेवटी थरथर. मी जाड आवाजाच्या बासरीचा खटका खाली केला. मग थरथरीचा. हेडफोन एका कानावर होता. खालच्या ओळीतली एक पट्टी हळूच दाबली.

तोच होता.

दुसऱ्या कानाशी अक्का विचारत होत्या, “ऐकताय ना?” हेडफोनची पिन माझ्या गुडघ्याजवळ होती. ती उपटली असती तर खोलीत तो आवाज भरला असता, आणि फोनमधून पाचोऱ्याला गेला असता.

मी म्हणालो, “ऐकतोय, अक्का.” आणि पट्टीवरचं बोट उचललं.