तुम्ही काय बघणार नाही?

माझी मावशी शाळेची बस चालवायची. डेपोतले लोक तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बस दुरुस्तीला टाकली की ती मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहणार. हे काय काढलंत, का काढलंत, आणि परत बसवलंच नाही तर काय होईल? दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून बसलेली असतानासुद्धा तिने हातवारे करून प्रश्न विचारले आहेत. मेकॅनिक वैतागायचे, पण तिच्या बसचं काम नीट करायचे. तिला दोनदा उत्तरं कोण देणार!

तिचा आणि काकांचा सगळा संसार भाड्याच्या घरांत झाला. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं आणि एका गल्लीच्या टोकाला त्यांना ते सापडलं. विटांचं, एक मजली माडीचं, दोघांच्याही वयाहून जुनं. मालक एकटेच राहायचे. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. मास्तरांना आता मुलीकडे राहायला जायचं होतं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नव्हती, त्यामुळे मागच्या अंगणातला उजेड थेट पुढच्या दारापर्यंत यायचा. तो उजेड पाहूनच मावशी विरघळली.

कर्ज देण्याआधी बँकेने आपला माणूस पाठवला. तो आला, खोल्या मोजल्या, दोन फोटो काढले, गेला. काका खूश. “चला, तपासणी झाली. घर पास!”

मावशीने बँकेत जाऊन विचारलं, “तुमच्या माणसाने छताच्या आत डोकावून पाहिलं का?”

“नाही हो. आमचं कर्ज बुडलं तर घर विकून वसूल होईल का, एवढंच आम्ही बघतो.”

“म्हणजे ही तपासणी तुमच्यासाठी. माझ्यासाठी नाही.”

“तसंच म्हणा.”

झालं! त्या दिवसापासून मावशीला नवं वेड लागलं. घराच्या तपासणीचे प्रकार किती, कुठली कशासाठी, करतं कोण. रविवारी मी तिच्याकडे गेले की तोच विषय. एक तपासणी डोळ्यांना दिसेल तेवढंच बघायची; नव्या, सरळसाध्या घराला ती पुरते. दुसरी पोटात शिरायची. माळ्यावर चढायचं, फरशीखाली ओल आहे का बघायचं, भेग दिसली तर ती का पडली तेही शोधायचं. तिला वेळ जास्त आणि पैसेही.

काका म्हणाले, “अगं, घर घ्यायचंय की त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?”

“सोयरीकच की. माहेरी परत पाठवता येणार नाही त्याला.”

मधला दलाल म्हणाला, “ताई, कशाला डोक्याला ताप? माझा एक माणूस आहे, उद्याच पाठवतो.”

“तुमचा माणूस तुमचाच राहू दे,” मावशी म्हणाली. “मला माझा हवाय.”

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकच प्रश्न: “तुम्ही काय बघणार नाही?” पहिला म्हणाला, “आम्ही सगळं बघतो, तुम्ही निर्धास्त राहा.” दुसऱ्याला वाटलं ही थट्टा करतेय; त्याने फोन ठेवला. तिसरी एक इंजिनिअरबाई होती. प्रश्न ऐकून ती बोलतच सुटली. भिंत फोडणार नाही. चिकटवलेली फरशी उचलणार नाही. वायरिंग वरवर बघेन, पण खात्री हवी असेल तर वायरमन बोलवा. सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालणारे वेगळे असतात. जड कपाटामागे काय आहे, ते कपाट हलवल्याशिवाय सांगता येणार नाही. एवढं झाल्यावर तिनेच उलट विचारायला सुरुवात केली. घर किती जुनं? नंतर त्यात काही पाडलं, वाढवलं का? तुम्ही राहायला गेल्यावर काय बदलणार?

“मधली भिंत काढलीय म्हणतात,” मावशी म्हणाली.

“मग ती साधी तपासणी घेऊ नका. नवा फ्लॅट असता तर मीच म्हटलं असतं, जास्त खर्च करू नका.”

फोन ठेवून मावशी काकांना म्हणाली, “ही बाई माझ्यापेक्षा जास्त चौकशा करते.” काकांनी कपाळाला हात लावला.

तपासणीच्या दिवशी मीही गेले. इंजिनिअरबाई बुटकी होती. गुडघ्यांना पॅड बांधलेले, खांद्यावर शिडी. मावशी तिच्या मागे सावलीसारखी. काकांना धास्ती होती ती पुढच्या खिडकीवरच्या तिरप्या भेगेची. त्यांनी ती आधी दाखवली. बाईने बॅटरी मारली, नखाने आत खरवडून पाहिलं.

“भेगेच्या आतही जुना रंग आहे. म्हणजे भेग आधीची आणि रंग नंतरचा. शिवाय तो रंग कुठे फाटलेला नाही. ही केव्हाची थांबलीय, हिला घाबरू नका.”

काकांचा जीव भांड्यात पडला. मग सगळे माडीवर गेले. झोपायच्या खोलीचं दार बाईने लावून पाहिलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग खाली वाकून दाराच्या तळाकडे बघत राहिली.

“मास्तर, हे दार तासलंय का?”

“हो, दोनदा. फुगलं होतं.”

“दार फुगलं की जमीन खचली?” असं पुटपुटत तिने जमिनीवर उतार दाखवणारी पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा एका बाजूला पळाला. तिने खोलीच्या भिंतीवर हात ठेवला आणि मावशीला म्हणाली, “तुम्ही खाली जा. मी इथे भिंतीच्या पायाशी ठोकते. आवाज कुठून येतो ते ओरडून सांगा.”

मावशी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली. वरून ठकठक. मावशी आवाजाच्या मागे मागे सरकत, जिथली मधली भिंत काढली होती त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मधोमध येऊन थांबली.

“बाई, तुम्ही माझ्या डोक्यावर आहात!”

“तिथेच थांबू नका, बाजूला व्हा,” वरून आवाज आला. तो आवाज वेगळाच होता.

बाई खाली आली. छतावरचा दिवा काढायला लावून तिने त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सरकवला. छोट्या पडद्यावर आम्ही सगळे डोकी जुळवून बघत होतो. वर आख्खी विटांची भिंत, आणि तिच्याखाली, जिथे लोखंडी तुळई असायला हवी, तिथे एक लाकडी फळी. मधोमध वाकलेली. वरून गिलावा केला होता, म्हणून दिसत नव्हती.

“खालची भिंत वरच्या भिंतीचा भार घेत होती,” बाई म्हणाली. “ती काढली, पण भार कुठे जाणार ते कुणी पाहिलं नाही.”

मास्तर खुर्चीत बसले. “गवंडी म्हणाला होता, नुसती आडोशाची भिंत आहे, काढली तरी चालते.” मग छताकडे बघत म्हणाले, “बायको अंथरुणाला खिळली होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. म्हणून काढली. तिचा पलंग इथेच होता. दोन वर्षं. याच्याच खाली.”

मावशी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसली.

“काय बघायच्या त्या इथून?”

मास्तरांनी नाक पुसलं. “माझी फजिती. मला कांदा चिरता येत नव्हता. ती तिथून ओरडायची, अहो, बोट नाही, कांदा!”

आणि ते हसले. मग आम्हीही.

त्याच दिवशी बाईने माणसं बोलावून लोखंडी टेकू लावून घेतले. वरचा भार कमी व्हावा म्हणून आम्ही माडीवरची कपाटं रिकामी केली. मास्तरांनी शेजारच्या घरात मुक्काम हलवला.

काका वाटेत म्हणाले, “सोडून देऊ हे घर. दुसरी काय कमी आहेत?” दलालाला तर हे प्रकरण दाबायचंच होतं. मावशीने मात्र बाईला विचारलं, “हे दुखणं जीवघेणं आहे की बरं होणारं?”

“आज जीवघेणं. नीट तुळई घातली, दोन्ही बाजूंना पक्का आधार दिला, की बरं. बाकी घर ठणठणीत आहे. पायाला ओल नाही, माळ्यावरची लाकडं खडखडीत.”

मावशीने मास्तरांना सांगितलं, आधी दुरुस्ती, मग व्यवहार. मास्तर म्हणाले, “तुम्ही घेतलं नाहीत तरी मी ती करणारच. हे असं कुणाच्या गळ्यात घालू?” तुळई बसवताना मावशी बस डेपोत लावून रोज तिथे हजर. गवंडी बिचारे! भार तुळईवरून खांबावर, खांबावरून जमिनीत कसा उतरतो, हे तिने त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि मग मला कागदावर काढून दाखवलं. मला अर्धंच कळलं. तिला पूर्ण कळलं होतं, कारण चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

इंजिनिअरबाईने येऊन काम पाहिलं, माडीवर पुन्हा पाणसळ ठेवली आणि मान हलवली. त्यानंतरच मावशीने सही केली.

ज्या काकांना तपासणीचे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटत होते, ते आता घर घेणाऱ्या प्रत्येकाला पकडून भेगांवर व्याख्यान देतात. मास्तर मुलीकडून अधूनमधून येतात. मावशी त्यांना भाजी चिरायला बसवते. अजूनही तुकडे ओबडधोबडच होतात.