पऱ्ह्यातलं गेस्ट हाऊस

नाटे गावाच्या अलीकडे आमची वाडी. इथे चिऱ्याचं घर बांधायचं तर धोंडूकाकांनीच. चाळीस वर्षं जांभा रचणारा गवंडी. देवीच्या देवळाचा चौथरा त्यांनी मजुरी न घेता बांधला. तोंडाने मात्र तिखट.

गेल्या एप्रिलात वाडीतल्याच, पण मुंबईला राहणाऱ्या अनिलने देवळामागच्या रानात गेस्ट हाऊस काढायचं ठरवलं. नकाशा त्याने आणलेल्या आर्किटेक्ट मनस्विनीबाईंचा. दिसायला देखणा, खोटं कशाला बोलू? वर कौलं, उघड्या चिऱ्याच्या भिंती, एकही झाड तोडायचं नाही. झाडांमधून गोट्यांची एक मोकळी पट्टी जाते, तिच्यावरच चार खोल्या.

"निसर्गानेच जागा ठेवलीय," आखणीच्या दिवशी पट्टीवर उभ्या राहून बाई म्हणाल्या.

काकांनी हातातल्या आखणीच्या खुंट्या खाली टाकल्या. "बाई, ह्यो पऱ्ह्या हाय. पावसात हितनं पाणी जातंय."

"पण आता कोरडा आहे ना?"

"मग आषाढात या. होडी घेऊन."

अनिल हसला. "काका, पाणी पाइपातून बाजूला काढू. एवढं काय त्यात?"

मीही बघायला गेले होते; तिथे माझं डोकं फिरलं. ह्या पऱ्ह्याचं पाणी मुरतं म्हणून खालच्या विहिरीला मे महिन्यातही झरा असतो. बावीस घरं त्या एका विहिरीवर. देवीला रोजचं पाणी तिथलंच. अनिलच्या आईने जन्मभर तिथेच कळशी बुडवली, आणि हा विचारतो, एवढं काय!

काका बाईंना पट्टीतून चालवत घेऊन गेले. घासून गुळगुळीत झालेले गोटे दाखवले. ऐनाच्या खोडावर कमरेएवढ्या उंचीला सुकलेला गाळ दाखवला.

"झाडं तोडत नाय म्हणता! पाणी तोडल्यावर ती काय हवेवर जगतील? आणि आमी काय प्यायचा, तुमचा नकाशा?"

बाई खोडावरचा गाळ नखाने खरवडून बघू लागल्या. अनिल म्हणाला, "गवंडी दुसरे मिळतील."

"मिळतील की! पण हितं पयला चिरा ठेवायच्या आधी मला उचलावा लागंल." काका गोट्यावर फतकल मारून बसले. मीही शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या बायका आल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच नकाशा बदलला. खोल्या वर, कातळाच्या कडेला गेल्या. काकांनीच त्या बांधल्या, बाईंच्या शब्दाखातर. रस्त्यावरून पाहिलं तर झाडीत घर आहे हे कळतही नाही.

पण अनिलकडचा चहा काका अजून घेत नाहीत. मीही नाही.