सर्व्हर पुसला, असं मी जाहीर केलं तेव्हा

हे ऐकून तुम्ही हसणार, ते मी धरूनच चाललेय. फक्त तोंडातला चहा गिळून मग हसा.

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मी नवीन लागले होते. तिसराच आठवडा. साहेब म्हणाले, "नवा डेटाबेस टाकलाय. तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते सर्व्हरला सांगून ठेव. एका ओळीचं काम आहे." एकच ओळ? मग चार वर्षं इंजिनिअरिंग काय उगीच केलं? मी स्क्रीनवरच्या हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत ओळ टाइप केली आणि एंटर मारलं.

झालं का बघावं म्हणून फाइलींची यादी मागितली. सर्व्हर म्हणाला, असा हुकूम मला माहीत नाही. दुसरा हुकूम दिला. तोही माहीत नाही. तारीख विचारली, तेही जमेना. आता ज्याला आजची तारीख सांगता येत नाही, त्याच्या पोटात काय उरलं असेल, तुम्हीच सांगा.

साहेब मीटिंगला गेलेले. मी शेजारच्या स्टोअरमध्ये पळाले. "मामा, माझ्या हातनं सर्व्हर पुसला गेला. सगळ्या बॅचच्या नोंदी गेल्या."

स्टोअरचे मामा म्हणजे कंपनीतलं सगळ्यात जुनं माणूस. "रडू नगं पोरी. माझी रजिस्टरं हायती की माळ्यावर. परत लिहून काढू." आणि खरंच शिडी लावली. अर्ध्या तासात धुळीनं माखलेली रजिस्टरं माझ्या टेबलावर छातीपर्यंत आली.

मी तोवर दौंडला आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन केला होता. "आप्पा, माझी नोकरी गेली." एवढंच बोलले. पलीकडून फोन कट.

साहेब आले. रजिस्टरांवरून वाकून त्यांनी स्क्रीन बघितला. माझी खिडकी बंद केली, नवी उघडली, फाइलींची यादी मागितली. सगळ्या फाइली जागच्या जागी.

"हुकूम कुठं शोधायचे, त्या जागांची यादी सर्व्हरकडं असते," साहेब म्हणाले. "तिच्या शेवटी डेटाबेसची जागा जोडायची होती. तू जुनी यादीच खोडलीस. तीही फक्त त्या एका खिडकीपुरती."

आणखी एक रजिस्टर घेऊन दारात आलेले मामा म्हणाले, "म्हंजी ही परत वर ठिवायची व्हय?"

तेवढ्यात वॉचमन आप्पांना घेऊन आला. दौंडहून मोटारसायकल दामटत आलेले, हातात पेरूंची पिशवी.

"साहेब, पोरगी गुणाची हाय. काय बिघडलं आसंल ते नीट करू, पन तिला काढू नका."

साहेबांना हसू आवरेना. "आप्पा, बसा आधी. काही बिघडलं नाही. नुसती खिडकी बंद करून परत उघडली असती, तरी भागलं असतं."

आप्पांनी त्या एसीच्या बंद खोलीत चारी भिंतींवर नजर फिरवली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "खिडकी आडकली व्हती, एवढंच ना? मग फोनवर तसं सांगायचं. येताना पटाशी आनली आसती."

मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. ती कुठली खिडकी हे समजावायला गेले, तर मी काय केलं तेही सांगावं लागेल.