सरकारसाठी सांभाळलेले धोटे

ती घटना आजही आठवली की चीड येते, आणि ती चीड नेमकी कुणाची, हे निवृत्तीनंतरही मला ठरवता आलेलं नाही.

गिरण्यांचा संप मोडीत निघाल्यानंतरचे दिवस. मी लालबाग भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी टपालात मंत्रालयातून पाच टेबलं फिरून आलेलं पत्र निघालं. लिहिणारा करी रोडच्या चाळीतला, गिरणीत माग चालवणारा कामगार. 'मालक गिरणीतलं सामान गुपचूप भंगारात काढतो आहे. मी मागाचे साठ धोटे बाहेर आणून सुरक्षित ठेवले आहेत. सरकारने गिरणी ताब्यात घेताच हजर करीन.' धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा; त्याच्याशिवाय माग चालत नाही. पत्राखाली सही, पत्ता, खोली नंबर. वर शेरा: चौकशी करून योग्य ती कारवाई करावी.

आम्हाला खबर खबऱ्याकडून मिळते. इथे आरोपीनेच स्वतःची खबर सरकारला दिली होती आणि सरकारने ती माझ्याकडे ढकलली होती! गिरणीच्या मॅनेजरला विचारलं, तर त्याने तासाभरात चोरीची फिर्याद दिली. भंगाराचं विचारलं, तर म्हणाला, "तो मालकांचा खाजगी प्रश्न आहे."

पत्रातल्या खोलीची झडती घेतली. काही मिळालं नाही. पन्नाशीचा तो माणूस इस्त्रीचा सदरा घालून ठाण्यात आला.

"चोरलं नाय साहेब, सांभाळलंय."

"कुणी सांगितलं होतं सांभाळायला?"

"सांगायला कशाला पायजे? कापड, धान्य, गिरण्या, सगळं सरकारच्याच हातात पायजे. उद्या गिरणी ताब्यात घेतली, तर माग काय हाताने चालवणार?"

हवालदार हसला. "काका, सरकारने तुम्हाला रखवालदार नेमलं कधी?"

"तू पगार घेऊन राखतोस, मी फुकट राखतो. एवढाच फरक."

तीन तास हेच. धोटे कुठे आहेत ते सांगेना. "सरकारी माणूस येऊ दे, त्याच्या हातात देतो."

"मग मी कोण?" मी टेबलावर हात आपटला.

"तुम्ही मालकाची फिर्याद घेऊन आलात."

शेवटी वैतागून म्हणालो, "पंचनामा करतो. एकेक धोटा लिहून घेतो, खाली ठाण्याचा गोल शिक्का. सरकारच्या ताब्यात राहतील."

शिक्का म्हटल्यावर तो उठलाच. चाळीतल्या बारा बिऱ्हाडांतून धोटे निघाले. पुसलेले, फडक्यात गुंडाळलेले, प्रत्येकावर मागाच्या नंबराची चिठ्ठी. देताना बायका विचारत होत्या, "गिरणी चालू होतेय काय हो साहेब?"

खटल्यात तो सुटला. स्वतः पत्र लिहून कळवणारा चोर कोर्टालाही पटला नाही. पण मुद्देमाल मालकाला परत मिळाला. धोटे भंगारवाल्याकडे गेले, मागोमाग मागही गेले. सरकारने काही गिरण्या ताब्यात घेतल्या, त्याची कधीच घेतली नाही.

धोटे भंगारात गेल्याचं कळल्यावर तो ठाण्यात आला. ओरडला नाही. "सरकारला हे माहीत नसणार साहेब. मध्ये तुमच्यासारखी माणसं बसलीत ना, म्हणून असं होतं."

इतक्या घरांच्या चुली एका मालकाच्या मर्जीवर पेटू नयेत, हे त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण ज्याच्या हाती तो सगळं सोपवायला निघाला होता, ते सरकार कागदावर शेरा मारून तो खाली ढकलणाऱ्या माणसांचंच बनलेलं असतं. सरकार वेगळं आणि मधली माणसं वेगळी, अशी त्याची समजूत होती. माझीही होती. या प्रकरणात ती गेली.

'मुद्देमाल फिर्यादीस परत देण्यास पोलिसांची हरकत नाही,' असा अहवाल कोर्टात गेला होता. नियमात चोख बसत होता. त्याखाली सही माझी होती.